वाऱ्याची वाटणी

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत मानाचे किताब दोन. पुण्यात अंतिम रेषा आधी ओलांडतो तो विजेता, आणि बोरघाट सगळ्यांच्या आधी चढून जातो तो ‘घाटाचा राजा’. 1945 साली सुरू झालेली ही शर्यत मध्ये खंड पडूनही टिकली, आणि जुन्या सायकलपटूंशी बोलायला बसलं की या दुसऱ्या किताबाची आठवण जरा जास्तच अभिमानाने निघते. घाटाच्या पायथ्याचं खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटर उंचीवर आहे, माथ्यावरचं खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. एवढी उंची एका दमात अंगावर घेणाऱ्या माणसाने वर्षभर काय तयारी केली होती, ते घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. शर्यत बघायची तर तिथे उभं राहून बघावी.

मात्र घाटाचा राजा पुण्यात पहिला येतोच असं नाही. खंडाळ्यानंतर साठ-पासष्ट किलोमीटर उरलेले असतात. लोणावळा, कामशेत, वडगाव, देहूरोड असा हा रस्ता थोड्याफार चढउतारांचा, पण एकूण पळायला मोकळा. त्यावर एकटाच पुढे निघालेला गडी आणि मागून आळीपाळीने जोर लावत येणारे दहा जण यांची गाठ पडली, तर बहुतेक वेळा त्या दहांतलाच कुणीतरी जिंकतो. हे असं का होतं ते एकदा लक्षात आलं, की हौशी सायकलिंगमधल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. रविवारच्या राइडमधले नियम, हाताच्या खुणा, अधूनमधून होणारे रुसवेफुगवे, आणि दिसायला एकट्याच्या असलेल्या या खेळाला संघ का लागतो तेही.

सगळं वाऱ्यामुळे. हवा पडलेली असली तरी वेगात निघालेल्या सायकलस्वाराला समोरून वारा लागतोच. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच्याशी झुंजायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. ताशी 25 किलोमीटरवरून 35 वर जायचं, तर वेग दीडपटही झालेला नसतो, पण हवेपुरती ताकद पावणेतीनपट लागते. सायकल धरून ऐंशी किलो वजनाचा माणूस सपाटीवर ताशी 40 ने चालला असेल, तर त्याच्या कष्टांपैकी साधारण 85 टक्के नुसती हवा बाजूला सारण्यात जातात. तोच माणूस सात टक्क्यांच्या चढावर ताशी 10 ने चढू लागला की हवेचा वाटा तीनेक टक्क्यांवर येतो आणि नव्वद टक्के कष्ट वजन वर ओढण्यात खर्ची पडतात. तिथे कुणाच्या आडोशाला जाऊन फारसं काही मिळत नाही. अर्ध्यापाऊण तासाच्या घाटात एक किलो वजन कमी असलं, तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाचतं, एवढा साधा तो हिशेब. म्हणून घाटाचा राजा हा एकट्याच्या पायांचा किताब आहे. पुण्यातल्या विजयात मात्र बहुधा अनेकांचे पाय असतात.

पुढच्या सायकलच्या चाकामागे अर्धा-पाऊण मीटर अंतर राखून चाललं, तर हवेचा विरोध ढोबळमानाने एक तृतीयांश कमी होतो. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. मोठ्या जथ्यात, म्हणजे पेलोटॉनमध्ये, हा फायदा किती वाढतो ते बर्ट ब्लॉकेन या संशोधकाने 2018 साली दाखवलं. 121 सायकलस्वारांच्या दाट जथ्याचा अभ्यास त्याने संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात केला. जथ्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत जेमतेम 5 ते 10 टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. हौशी राइडला एवढी माणसं कुठून असणार? पण सात-आठ जणांची नीट चाललेली रांगसुद्धा पुरेशी होते. एकट्याने ज्या वेगाने वीस मिनिटांत दम निघेल, तोच वेग रांगेत दोन तास टिकतो.

ही रांग चालते कशी, ते जवळून बघण्यासारखं आहे. मुंबई–पुणे एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, म्हणून आमच्या गटाची रविवारची राइड जुन्या महामार्गानेच जाते. ट्रकची वर्दळ वाढायच्या आत निघायचं, म्हणून पहाटे साडेपाचला निगडीत जमतो. सोमाटणे ओलांडलं की दुहेरी रांगेची एकेरी होते. पुढचा गडी दोनेक मिनिटं वारा अंगावर घेतो, मग मागे एक नजर टाकून कोपर बाहेर काढतो. ती खूण दिसली की दुसऱ्याने पुढचं काम उचलायचं आणि पहिल्याने बाजूला होऊन, पायांतला जोर थोडा कमी करत, रांगेच्या शेपटाशी जायचं. शेवटच्या सायकलचं पुढचं चाक बाजूने जाताना दिसलं, की लगेच थोडा जोर लावून तिच्या मागे बसायचं. तो क्षण हुकला आणि तीन मीटरची फट पडली, तर ती भरून काढायला जो दम लागतो, त्यात मिळालेली सगळी विश्रांती वाया जाते.

नवीन मुलं नेमकी पुढे आल्यावर चेकाळतात. वारा तोंडावर येतो, रस्ता मोकळा दिसतो, आणि पायांत नसलेलं बळ आल्यासारखं वाटतं. आमच्या गटात साठी ओलांडलेले एक काका आहेत. अशा वेळी ते रांगेतूनच हाक देतात, “अरे, पुढे आलास म्हणून पळू नकोस! बत्तीसने चाललो होतो ना? बत्तीसच ठेव. मागे ताई सुटली तर सगळ्यांनाच थांबावं लागेल.” त्या मुलाला वाटतं आपल्याला रोखलं. काका त्याला हा खेळच शिकवत असतात. वाऱ्यात पुढे असताना वेग जराही न वाढवणं हे या खेळातलं पहिलं कौशल्य आहे, आणि ते यायला चांगला एक मोसम जातो.

रांगेतले बाकीचे नियमही या अर्ध्या मीटरच्या अंतरातून जन्मले आहेत. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून पुढच्याने बोट खाली करून खड्डा दाखवायचा आणि “खड्डा!” असं ओरडायचंही. ती हाक शेवटच्या माणसापर्यंत एकेकाने पोचवायची. रंबलर, वाळू, उलट दिशेने येणारी दुचाकी, कुत्रं, प्रत्येकाची हाक ठरलेली. ब्रेक एकदम दाबायचा नाही. सीटवरून उभं राहताना सायकल क्षणभर मागे ओढली जाते, त्यामुळे उठण्याच्या त्या क्षणी पेडलवरचा दाब सुटू द्यायचा नाही. आणि आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने ओलांडून जाऊ द्यायचं नाही. दोन चाकं एकमेकांना घासली तर पुढचा बहुतेक सावरतो. ज्याचं पुढचं चाक अडकतं त्याचं हँडल हातात राहत नाही, आणि तो त्याच्या मागच्या दोघातिघांना घेऊन पडतो.

वारा बाजूने आला की गणित बदलतं. आडोसा मग थेट मागे न मिळता तिरका मिळतो. युरोपातले संघ अशा वेळी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपी रांग लावतात आणि तिच्यात जागा न मिळालेल्यांना कडेला हवेत उघडं पाडतात. आपल्याकडे वाहत्या रहदारीत हे करायचं नाही म्हणजे नाही. बाजूच्या वाऱ्यात वेग कमी करावा, अंतर वाढवावं.

शर्यतीत या सगळ्याला डावपेचांची धार येते. संघातला एक जण पुढे निसटलेल्या चौघापाचांत असेल, तर त्याच्या सोबत्यांनी मागच्या जथ्यात शांत बसायचं असतं. तिथे पुढे येऊन जोर लावला तर आपल्याच माणसाला पकडायला मदत होते. शेवटच्या किलोमीटरमध्ये एकाने सगळी ताकद ओतून वेग चढवायचा आणि अखेरच्या दोन-अडीचशे मीटरवर मागच्या सोबत्याला मोकळं सोडायचं. असं काम करणाऱ्याचं नाव निकालात पंधराव्या-विसाव्या क्रमांकावर येतं. हौशी संघांत हेच सगळ्यात अवघड जातं, कारण प्रवेश शुल्क प्रत्येकाने आपल्या खिशातून भरलेलं असतं आणि घरी विचारणार, “कितवा आलास?” माझं मत विचाराल तर, कार्बनच्या चाकांवर लाखभर रुपये घालण्याआधी एक वर्ष शिस्तीच्या गटात काढावं. वेग त्याने जास्त वाढतो.

सोबत्यांचा आणखी एक उपयोग कुठल्याच यंत्रावर दिसत नाही. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जोरकस मेहनतीत दीड-दोन तासांत आटत जाते. म्हणून लांबच्या राइडला दर तासाला 60 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जावी लागतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, काहीही चालतं, पण भूक लागायच्या आधी. साखर उतरू लागलेल्या माणसाला स्वतःला ते उशिरा कळतं. बाजूच्याला आधी कळतं. इतका वेळ बोलणारा माणूस गप्प होतो, ‘हो-नाही’वर येतो, रांगेतली त्याची रेघ हलू लागते. तेव्हा विचारत बसू नये, सरळ चिक्की हातात द्यावी.

शर्यतीची ईर्ष्या ज्यांना नको, त्यांच्यासाठी ब्रेव्हे आहेत. ओडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांनी चालणाऱ्या या राइड महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून निघतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. चारही एका मोसमात पूर्ण करणारा सुपर रँडोनर. इथे क्रमांक लावत नाहीत, आणि ड्राफ्टिंगला मुभा असते. पहाटे तीनच्या सुमाराला डोळे मिटू लागतात, तेव्हा बाजूला बोलत राहणारं माणूस असणं ही चैनीची गोष्ट राहत नाही. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसची 1200 किलोमीटरची वारी नव्वद तासांत करायला मराठी मंडळीही जातात.

याच्या अगदी उलट टोकाला रेस अक्रॉस अमेरिका. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळपास पाच हजार किलोमीटर, आणि ड्राफ्टिंगला मनाई. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. दोघांच्या गटात आळीपाळीने चालवायचं असतं, त्यामुळे एक भाऊ रस्त्यावर असताना दुसरा गाडीत झोपायचा प्रयत्न करत असतो. वाऱ्याचा आडोसा तिथे कुणी कुणाला देऊ शकत नाही. तिथे वाटून घ्यायची ती झोप आणि जागरण. पुण्याहून गोव्याला जाणारी सुमारे साडेसहाशे किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर ही त्या शर्यतीसाठीची आपल्याकडची पात्रता शर्यत.

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या दर्जाची, टप्प्याटप्प्यांची रस्त्यावरची शर्यत आपल्या दारात आली. पेलोटॉन नावाचं प्रकरण पुणेकरांना घराबाहेर येऊन बघायला मिळालं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की खेळासाठी रस्ते काही तास रहदारीला बंद ठेवता येतात, हे सिद्ध झालं. आपल्या हौशी सायकलपटूंना, त्यातही शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना, रांगेत चालवायला शिकायचं ते ट्रक आणि डंपर यांच्या अंगाला अंग लावून. मुलीला रविवारी पहाटे महामार्गावर सोडायला आईबाप कचरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

निदान घाट चढायचा सराव तरी त्यांना रहदारीविना करता यावा. सिंहगडाचा गाडीरस्ता वर जाऊन संपतो. महिन्यातून एक रविवार, पहाटे साडेपाच ते आठ, गोळेवाडीच्या नाक्यावरून वर फक्त सायकली सोडाव्यात, आणि दही-पिठलं विकायला गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या त्याआधी वर जाऊ द्याव्यात. त्यासाठी नवा रस्ता बांधायला नको की मोठा निधी नको. वनखातं, पोलीस आणि गावकरी एकदा एकत्र बसले, की या मोसमातही सुरुवात करता येईल.