वाईन निवडताना किंमत पाहावी की साल?

वाईनची बाटली विकत घ्यायला गेलेला ग्राहक बहुधा दोनच गोष्टी पाहतो. एक लेबलवरचे नाव आणि दुसरी किंमत. नाव अपरिचित असले की किंमत हाच एक आधार उरतो आणि 'महाग म्हणजे चांगली' या हिशेबाने खिशाला झेपेल त्याहून थोडी वरची बाटली उचलली जाते. वास्तविक हजार रुपयांच्या आसपासच्या वाईनमध्ये किमतीपेक्षा अधिक सांगून जाणाऱ्या गोष्टी त्याच बाटलीवर असतात. द्राक्षाचे वाण, तोडणीचे साल आणि बाटली कशी ठेवली गेली याच्या खुणा, या तीन गोष्टी वाचता आल्या, तर माफक दरात आनंद देणारी वाईन मिळणे अवघड नाही.

किमतीत काय दडलेले असते?

बाटलीच्या किमतीत केवळ द्राक्षे नसतात. काच, बूच, वाहतूक, जाहिरात, विक्रेत्याचा नफा आणि कर यांचा त्यात मोठा वाटा असतो. परदेशी वाईनच्या बाबतीत हा भार अधिकच जाणवतो. भारतात आयात वाईनवर दीर्घकाळ १५० टक्के शुल्क होते. २०२१च्या अर्थसंकल्पात त्याची सीमाशुल्क आणि कृषी अधिभार अशी फोड झाली, पण एकूण बोजा तेवढाच राहिला. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२मध्ये अमलात आल्यावर तेथील ठराविक किमतीवरील वाईनला सवलत मिळाली. मात्र अगदी स्वस्त बाटल्या तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. हजार रुपयांच्या परदेशी बाटलीत प्रत्यक्ष वाईनच्या वाट्याला आलेली रक्कम फारच थोडी असते.

देशी वाईनचे गणित निराळे आहे. महाराष्ट्राने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून वाईन उद्योगाला सवलती दिल्या. त्यानंतर नाशिक परिसरात अनेक वायनरी उभ्या राहिल्या. माफक दरात खरेदी करणाऱ्याने म्हणूनच आधी नाशिककडे पाहावे, हे केवळ प्रांताभिमानाने नव्हे तर हिशेबानेही योग्य ठरते.

किंमत जिभेलाही फसवते. अमेरिकेतील संशोधकांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एकच वाईन सहभागींना एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून देण्यात आली. नव्वद डॉलरची म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक चाचण्यांवर आधारित दुसऱ्या अभ्यासात उलट बाजू दिसली. किंमत ठाऊक नसताना सामान्य रसिकांना महागड्या वाईन अधिक आवडतात, असे आढळले नाही. उलट त्या किंचित कमीच आवडल्या. नावाचा दबदबाही असाच फसवा असतो. पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी झालेल्या चाचणीत लेबल झाकून वाईन चाखणाऱ्या फ्रेंच परीक्षकांनी लाल आणि पांढऱ्या अशा दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाईनला दिला होता.

आधी वाण, मग नाव

पांढरी वाईन करताना द्राक्षांचा रस काढून साली बाजूला केल्या जातात आणि नुसता रस आंबवला जातो. लाल वाईनमध्ये काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबतो. रंग सालींतून येतो आणि त्याबरोबर टॅनिन हे तुरट द्रव्यही उतरते. कोऱ्या चहाने जीभ कोरडी पडते, तसाच हा अनुभव असतो. थोडक्यात, पांढऱ्या वाईनचा कणा आंबटपणा आणि लाल वाईनचा कणा तुरटपणा. आपल्याला यांपैकी काय रुचते हे कळले, की निम्मी निवड झालीच.

भारतीय वाईनमध्ये पांढऱ्यात दोन वाण सर्रास आढळतात. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील शेनिन ब्लाँ भारतात बरेचदा किंचित गोडसर ठेवली जाते. प्रथमच वाईन घेणाऱ्याला ती सहज आवडते. सोव्हिन्यों ब्लाँ कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, असते आणि तिच्यात लिंबाचा, हिरव्या मिरचीचा किंवा ताज्या गवताचा गंध जाणवतो. लाल वाईनमध्ये शिराझ भरदार आणि मिरीसारख्या झणक्याची, तर कॅबरने सोव्हिन्यों अधिक तुरट असते. कमी किमतीच्या नव्या कॅबरनेत हा तुरटपणा कधीकधी बोचतो. अशा वेळी शिराझ किंवा दोहोंचे मिश्रण घेणे सोयीचे.

'रिझर्व्ह' या शब्दाला मात्र भुलू नये. स्पेनमध्ये लाल वाईनवर 'रेझेर्वा' लिहायचे तर ती किमान तीन वर्षे मुरवावी लागते आणि त्यातील किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. अनेक देशांत मात्र या शब्दाला असा कायदेशीर अर्थ नाही आणि उत्पादक तो आपल्या मर्जीने वापरतो.

जुनी ती चांगली नव्हे

'वाईन जितकी जुनी तितकी चांगली' हा समज माफक दराच्या खरेदीत सर्वाधिक महागात पडतो. वर्षानुवर्षे मुरून सुधारणाऱ्या वाईन जगात थोड्या, आणि त्या महाग असतात. बाकीच्या ताज्या पिण्यासाठीच केलेल्या असतात. साधी पांढरी वाईन तोडणीपासून दोन वर्षांच्या आत, तर साधी लाल वाईन तीन-चार वर्षांच्या आत संपवावी. पाच वर्षांपूर्वीची पांढरी बाटली सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत बहुधा ग्राहकापेक्षा दुकानदाराच्या सोयीची असते.

लेबलवरचे साल हे तोडणीचे असते. ते वाचताना महाराष्ट्राचे वेळापत्रक ध्यानात घ्यावे. येथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी होते. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते. त्यामुळे एकच साल असलेल्या दोन बाटल्यांपैकी नाशिकची बाटली युरोपातील बाटलीपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते.

दुकानाची पारख

आपल्या हवामानात वाईनचा खरा शत्रू उष्णता होय. उत्तम वाईनदेखील उन्हाळाभर तापलेल्या दुकानात राहिली, तर तिचा ताजेपणा जातो आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखी चव येते. ग्राहकाचे पैसे वाया जातात ते अनेकदा येथेच. दर्शनी काचेत उन्हात मांडलेली किंवा दिव्याखाली महिनोन्महिने उभी असलेली बाटली घेऊ नये. पारदर्शक काचेतील पांढऱ्या वाईनला तर प्रकाशानेही वास लागतो. बूच वर सरकलेले, मानेवर चिकट ओघळ किंवा पातळी नेहमीपेक्षा खाली, यांपैकी एकही खूण दिसली तरी बाटली परत ठेवावी. वातानुकूलित आणि भरपूर खप असलेले दुकान शोधावे आणि शक्य असल्यास फळीवरच्या बाटलीऐवजी खोक्यातली मागावी.

फिरकीचे झाकण पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. लवकर पिण्याच्या वाईनसाठी ते उत्तमच असते. खऱ्या बुचामुळे काही बाटल्यांना भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास लागतो, ती भीतीही या झाकणात जवळजवळ उरत नाही.

घरी आणल्यावर

लाल वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, हा नियम थंड युरोपीय घरांचा आहे. मुंबईच्या तीस अंशांच्या खोलीत तो लावला, तर मद्यार्काचा उग्रपणा वर येतो आणि चांगली वाईनही वाईट वाटते. लाल वाईन १५ ते १८ अंशांना खुलते. त्यासाठी बाटली पिण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी ८ ते १२ अंशांना चांगली लागते. ती दोन-तीन तास आधी फ्रिजमध्ये ठेवून पिण्याच्या दहा मिनिटे आधी बाहेर काढावी. फार थंड केल्यास गंध लपतो. उरलेली वाईन, लाल असो वा पांढरी, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्येच ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.

जेवणाची जोडी लावताना एक सूत्र पुरेसे आहे. तिखटाने तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही अधिक झोंबतात. म्हणून झणझणीत रश्श्याबरोबर तुरट कॅबरने घेऊ नये. किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ तिखट सुसह्य करते. तळलेले बोंबील किंवा सुरमईचे तुकडे यांवर आपण लिंबू पिळतो. तेच काम सोव्हिन्यों ब्लाँचा आंबटपणा करतो. माशांबरोबर लाल वाईन अनेकदा धातूसारखी लागते. कमी तिखटाचे सुके मटण, कबाब किंवा भाजलेली वांगी यांना शिराझ शोभते.

आपली आवड शोधण्याचा स्वस्त मार्गही आहे. चार मित्रांनी मिळून एकाच दराच्या, पण वेगवेगळ्या वाणांच्या तीन-चार बाटल्या आणाव्यात, कागदात गुंडाळून क्रमांक द्यावेत आणि थोडी थोडी चाखून प्रत्येकाने आपले मत लिहावे. नावे नंतर उघडावीत. ७५० मिलिलीटरच्या एका बाटलीत सुमारे पाच पेले होतात, त्यामुळे खर्च वाटला जातो आणि प्रमाणही आटोक्यात राहते. हे प्रमाण महत्त्वाचे आहे. लाल वाईन हृदयाला हितकर असल्याचा प्रचार बराच झाला, परंतु मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा वाईन औषध म्हणून घेऊ नये आणि प्रतिष्ठा म्हणूनही नव्हे. घ्यायचीच असेल, तर साल पाहून, नीट थंड करून, जेवणाबरोबर आणि थोडीच घ्यावी. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही.