वाईच्या आसमंतांतील पायवाटा

वाई हें सातारा जिल्ह्यांतील कृष्णाकांठचें लहानसें शहर. ‘दक्षिण काशी’ ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. बाहेरगांवचे पुष्कळ लोक ढोल्या गणपतीचें दर्शन घेतात आणि मोटारीनें तसेच पुढें पांचगणी-महाबळेश्वराकडे निघून जातात. त्यामुळें ज्या गोष्टीसाठीं ह्या गांवीं दोन दिवस मुक्काम करावा, तीच त्यांच्या हातून निसटते. ती गोष्ट म्हणजे येथील पायवाटा. नदी, डोंगर आणि मनुष्यवस्ती ह्यांचा परस्परसंबंध येथें थोड्याशा अंतरांत स्पष्टपणें पाहावयास मिळतो.

पहिली वाट घाटांची. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी अशीं ह्या घाटांना आळ्यांचींच नांवें आहेत. गणपति घाटावरील देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनीं १७६२ सालीं बांधविलें. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. मूर्तीचें दर्शन घेऊन परत फिरणाऱ्यास ती दिसत नाहीं. देवळाला बाहेरून वळसा घातला म्हणजेच तिचें मर्म कळतें. पुराचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला, तर त्याचा सारा भार तिच्यावरच बसतो. निमुळत्या टोंकाशीं तोच लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनीं निघून जातो. दगडी पुलाच्या खांबांना प्रवाहाकडून टोंक काढतात, त्यांतील तत्त्व हेंच. सकाळच्या वेळीं घाटावर खंड्या व वंचक हे पक्षी मासे टिपण्यासाठीं टपून बसलेले असतात. हिंवाळ्यांत उत्तरेकडून आलेले धोबी पायऱ्यांवर शेपटी हालवीत फिरतात.

दुसरी वाट प्रवाहाच्या वरच्या अंगास मेणवलीकडे जाते. अंतर सुमारें ३ किलोमीटर असल्यामुळें मुलेंबाळेंहि बरोबर नेतां येतात. वाटेंत ऊस व हळद ह्यांचे मळे लागतात, तर नदीच्या कडेनें उंबर, करंज, जांभूळ हीं झाडें दिसतात. ह्या झाडांना ओलावा मानवतो, आणि त्या ओलाव्याची परतफेड तीं मुळांनीं कांठची माती धरून करतात. कांठावरचें झाड गेलें कीं पुढच्या पुरांत तेथील जमीनहि ढासळूं लागते. मेणवलीस नाना फडणवीसांचा वाडा व त्यामागें कृष्णेवरचा रेखीव घाट आहे. घाटावर टांगलेली मोठी घंटा मूळची पोर्तुगीजांच्या चर्चमधील होय. चिमाजीआप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकल्यानंतर ज्या घंटा घाटावर आल्या, त्यांपैकीं ही एक.

दमदार माणसानें तसेंच पुढें धोमपर्यंत जावें. तेथील शिवालयासमोर कमळाच्या आकाराचें कुंड असून त्यांत कासवाच्या पाठीवर नंदी बसविला आहे. कुंडांत पाणी भरलें म्हणजे कासव नंदीला घेऊन पोहत असल्याचा भास होतो. जवळच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेलें धोमचें धरण आहे. पूर्वी कृष्णा पावसाच्या मानानें चढे-उतरे. आतां तिचें पाणी धरणांतून किती सोडतात ह्यावर अवलंबून असतें. म्हणून पात्र कोरडें दिसलें तरी आंत फार दूर जाऊं नये. प्रवाह मंदावला कीं त्यांत आलेलें सांडपाणी वाहून जात नाहीं व जलपर्णी माजते; घाटावरून फिरणाऱ्याला हेंहि उघड्या डोळ्यांनीं पाहावें लागतें.

तिसरी वाट पांडवगडाची. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटरांवर, तर गडाचा माथा सुमारें १,२७० मीटरांवर आहे. तेव्हां चढ चांगलाच घाम काढणारा आहे. चढतांना उभा कडा आणि सपाट टप्पा असा क्रम पुनः पुनः लागतो. सुमारें ६॥ कोटि वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून हा प्रदेश बनला. त्यांतील कठीण थरांचे कडे राहिले, मऊ थर झिजून त्यांचे टप्पे झाले. माथ्यावरून पश्चिमेस धोमचा जलाशय आणि त्यापलीकडे सह्याद्रीच्या रांगा दिसतात. महाबळेश्वर येथून अवघ्या ३२ किलोमीटरांवर. पण तेथें वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि वाईस त्याचा लहानसा अंशच मिळतो. ढग पश्चिमेच्या घाटमाथ्यावरच रिते होतात. म्हणूनच तिकडे सदाहरित रान, आणि इकडच्या डोंगरांवर उन्हाळ्यांत पिवळें पडणारें गवत.

ह्या वाटांना ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गडावर जाणाऱ्यानें पहांटे निघावें, पाणी बरोबर घ्यावें आणि कड्याखालीं आग्यामोहाचीं पोळीं असल्यास धूर वा गोंगाट करूं नये. पावसाळ्यांत निसरड्या चढावर जाण्याचें धाडस टाळावें.

शेवटीं एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सुरूरहून वाईस येणाऱ्या रस्त्याची जुन्या वडांबद्दल ख्याति आहे. रस्ता रुंद करावयाचा झाला म्हणजे अशा झाडांवर प्रथम कुऱ्हाड येते, कारण मोटारींतून जाणाऱ्यास तीं केवळ अडथळा वाटतात. पायीं जाणाऱ्यास मात्र त्यांची सावली कळते, आणि पिकलेल्या फळांवर जमलेले तांबट व हरियल दिसतात. नवें रोप लावून त्या झाडाची भरपाई होण्यास दोन-तीन पिढ्या जातात. नदीकांठचें तेंच, पायवाटांचेंहि तेंच. ज्या वाटेनें कोणी चालत नाहीं, ती बुजली तरी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शहरांतील कुटुंबांनीं सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन ह्या वाटांनीं चालावें, झाडांचीं व पक्ष्यांचीं नांवें त्यांना सांगावींत. जें नांवानें ओळखीचें झालें, त्याच्यावर घाला आला असतां मनुष्य सहसा गप्प बसत नाहीं.