वीरगळ खालून वर वाचतात

सकाळी ८.३०
संग्रहालय दहाला उघडतं, पण माझा दिवस दारातल्या रॅम्पपासून सुरू होतो. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार, हे प्रमाण बांधतानाच पाळलंय. तरी रॅम्पच्या तोंडाशी कुणी दुचाकी लावली की तो असून नसल्यासारखा. वॉचमनमामा आणि मी गाडी हलवतो. मग दिव्यांगांचं स्वच्छतागृह बघते. आत झाडू-बादल्या नाहीत ना? आधाराचा दांडा घट्ट आहे ना?

९.३०
ब्रेल पाट्या तपासते. सहा ठिपक्यांच्या या लिपीत ‘ल’ म्हणजे डावीकडचे तिन्ही ठिपके. मधला झिजला की ‘ल’चा ‘क’ होतो. झिजलेली पाटी चुकीचं सांगत राहते, म्हणून ती आजच बदलायची.

११.००
अंध मुलांची शाळा आली आहे. अंगठ्या काढून, हात धुऊन सगळे वीरगळीपाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेपाशी येतात. नाण्यांना घाम बाधतो, म्हणून त्यांच्या प्रतिकृती देतो; हा बेसॉल्ट मात्र अस्सल आहे. वीरगळ खालून वर वाचायची असते. तळाला लढाई आणि पडलेला वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा. डोळसांची नजर आधी कुठेही जाते. बोटं मात्र पायापासून निघतात आणि कथेच्याच क्रमानं चढतात. माथ्यापाशी एक मुलगी थबकते.
“ताई, चंद्र आणि सूर्य एकत्र कसे?”
“ते आहेत तोवर वीराचं नाव राहावं म्हणून.”
ती पुन्हा तळापासून सुरुवात करते. मी घाई करत नाही. स्पर्शाला वेळ लागतो, म्हणून या फेरीत वस्तू मोजक्याच ठेवते.

दुपारी २.००
नव्या काचपेटीचा नमुना तयार आहे. आमचे सल्लागार स्वतः व्हीलचेअर वापरतात. ते पेटीसमोर येऊन थांबतात.
“मला नाण्याची कड दिसतेय, नाणं नाही.”
आतला तक्ता तिरका करायचं तिथंच ठरतं. पेटी बनल्यावर त्यांना बोलावलं असतं, तर नुसती दिलगिरी हाती राहिली असती.

४.००
कर्णबधिर पाहुण्यांची फेरी. दुभाषी खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या तर त्यांचा चेहरा काळवंडतो, आणि खुणांच्या भाषेत चेहराही बोलत असतो. त्यांना उजेडात उभं करते. माहिती आणि मूर्ती, दोन्ही डोळ्यांनीच घ्यायची असल्यामुळे आधी खुणा, मग थांबून मूर्ती.

५.३०
अंदाजपत्रक लिहायला बसते. दुभाष्यांचं मानधन, ब्रेल पाट्या, सल्लागारांचं शुल्क. रॅम्प बांधायला एकदा पैसे मिळतात. सोय मात्र रोज राखावी लागते. सांस्कृतिक जीवनाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिला आहे. हा खर्च वीजबिलासारखा दरवर्षीचा धरला, तरच तो हक्क आमच्या दालनापर्यंत पोचेल.