घुशीच्या बिळाला सूट, माणसाच्या खड्ड्याला नाही

ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याकडच्या अनेक घरांत पहिल्यांदाच भल्या पहाटे गोल्फ पाहिला गेला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले. पुरुषांच्या गटात पुण्याचा उदयन मानेही तिथे खेळला होता. चार दिवस, ७२ होल आणि फरक एका फटक्याचा. ज्या खेळात एक फटका इतका महाग, तिथे चेंडू नेमका कशावर येऊन थांबला याला फार किंमत असते. गोल्फमधला एक जुना वाद इथूनच निघतो. तुमचा फटका उत्तम बसला, चेंडू फेअरवेच्या, म्हणजे आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध पडला आणि घरंगळत दुसऱ्याने उकरलेल्या खड्ड्यात जाऊन बसला, तर तो उचलून बाजूला ठेवायची मुभा असावी का?

या खड्ड्याला गोल्फर डिव्हट म्हणतात. लोखंडी क्लबने, म्हणजे काठीने, फटका मारताना क्लबचे पाते आधी चेंडूला लागते आणि मग थोडे पुढे जमिनीत शिरते. तिथली गवताची चकती मातीसकट उडते. उडालेली चकतीही डिव्हट आणि मागे राहिलेला खड्डाही डिव्हट. हा खड्डा म्हणजे चूक नव्हे. चांगल्या फटक्यातही तो पडतोच. उष्ण भागातल्या मैदानांवर बर्म्युडा गवत सर्रास लावतात. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. जालना जिल्ह्यातल्या काळ्या रानात शेतकरी जिला खणून खणून थकतो, ती फेअरवेवर लाडाने वाढवली जाते, कारण खड्ड्यात वाळू भरली की बाजूचे धावते कोंब त्यावर पसरतात आणि जखम भरून येते. पण त्याला वेळ लागतो आणि तोवर कोणाचा तरी चेंडू तिथे येतोच.

आता नियम पाहू. गोल्फचे सर्वांत जुने माहीत असलेले लेखी नियम १७४४ चे, स्कॉटलंडमधल्या लीथचे. ते फक्त १३ होते. आज ब्रिटनमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए या दोन संस्था मिळून नियम ठरवतात. २०१९ च्या मोठ्या फेररचनेनंतर नियमांची संख्या २४ झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारणा झाल्या. पण पहिल्याच नियमातले तत्त्व जुनेच आहे : मैदान जसे मिळेल तसे खेळा आणि चेंडू जिथे जसा पडला तिथून तसाच मारा. डिव्हटमधल्या चेंडूला हेच तत्त्व लागू होते. फुकट सूट नाही.

कोणताही पेच सोडवताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात आहे? नियमांच्या दृष्टीने मैदानाचे पाचच भाग आहेत : त्या होलची टी (पहिला फटका मारायची जागा), त्या होलचे ग्रीन (होलच्या भोकाभोवतीची जागा), बंकर (वाळूचा खड्डा), पेनल्टी एरिया (तळी, ओढे यांसारखा दंडाचा भाग) आणि उरलेले सारे, म्हणजे सर्वसाधारण क्षेत्र. फेअरवे नावाचा वेगळा भागच नियमपुस्तकात नाही. फेअरवे आणि शेजारचे वाढलेले गवत दोन्ही सर्वसाधारण क्षेत्रातच मोडतात. त्यामुळे ‘मी फेअरवेवर मारला, मला बक्षीस मिळायला हवे’ हा युक्तिवाद भावनेला पटला तरी नियमात त्याला जागा नाही.

दुसरा प्रश्न : अडथळा कशाचा आहे? सुटी पाने, काड्या, खडे आणि पूर्ण सुटून पडलेली डिव्हटची चकती हे सुटे नैसर्गिक अडथळे. ते हलवता येतात. मात्र हलवताना चेंडू सरकला, तर ग्रीन सोडून इतरत्र एका फटक्याचा दंड बसतो. खड्ड्यात परत बसवलेली चकती मात्र काढता येत नाही, दाबताही येत नाही. खड्ड्यात भरलेली वाळू हा सुटा अडथळा मानला जात नाही. ग्रीनबाहेर ती झटकून चेंडूची जागा सुधारली, तर एकूण फटके मोजणाऱ्या स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड. होल जिंकण्यावर चालणाऱ्या मॅच प्लेमध्ये तो होलच गेला.

तिसरा प्रश्न : नियमाने नाव घेऊन सूट दिली आहे का? प्राण्याने उकरलेले बीळ, तात्पुरते साचलेले पाणी, हलवता न येणारी मानवनिर्मित वस्तू आणि समितीने दुरुस्तीखाली जाहीर केलेली जमीन, या चारांसाठी सूट आहे. मैदानाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने खणलेला खड्डाही दुरुस्तीखालची जमीन समजला जातो. स्वतःच्याच फटक्याने चेंडू जमिनीत रुतला असेल, तरी सर्वसाधारण क्षेत्रात सूट मिळते. अशा वेळी अडथळ्यापासून पूर्ण सुटका होईल तो जवळचा बिंदू शोधायचा आणि तिथून एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. (रुतलेल्या चेंडूसाठी मोजणी त्याच्या लगेच मागच्या जागेपासून होते.) म्हणजे घुशीने उकरले तर सूट, माळ्याने खणले तर सूट, पण आपल्या पुढे खेळून गेलेल्या गोल्फरने उकरले तर नाही.

ही विसंगती अनेकांना सलते. सर्वांत गाजलेले उदाहरण १९९८ च्या यूएस ओपनचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवर शेवटच्या दिवशी पेन स्टुअर्ट चार फटक्यांनी पुढे होता. बाराव्या होलला त्याचा चेंडू फेअरवेवर पडला, पण वाळू भरलेल्या डिव्हटमध्ये. तिथे त्याने एक फटका गमावला. स्पर्धा ली जँझनने जिंकली, तीही एकाच फटक्याने. सूट हवी म्हणणारे आणखी एक मुद्दा मांडतात : २०१९ पासून ग्रीनवरच्या बुटांच्या खुणासुद्धा खेळाडूला दुरुस्त करता येतात, मग फेअरवेने काय घोडे मारले?

मुद्दा वजनदार आहे, पण ग्रीनची गोष्ट वेगळी. तिथे चेंडूच्या जागी खूण करून तो उचलता येतोच, त्यामुळे दुरुस्तीने चेंडूच्या जागेबद्दल वाद होत नाही. फेअरवेवर खरा प्रश्न उभा राहतो तो व्याख्येचा. ताजा खड्डा ओळखता येतो. वाळू भरलेलाही येतो. पण अर्धी हरळी पसरलेला? गवत आले, तरी खोलगट राहिलेला? खड्डा नेमका कधी संपतो आणि साधी उंचसखल जमीन कुठे सुरू होते?

आणि हे ठरवणार कोण? अनेक दिवसांच्या क्रिकेट सामन्यात गोलंदाजाच्या पायाने पडलेले खड्डे भरून घेता येतात. पण तिथे खेळपट्टी एकच असते आणि पंच जवळ उभे असतात. गोल्फमध्ये १८ होलवर गट विखुरलेले असतात आणि बहुतेक वेळा खेळाडूच स्वतःचा पंच असतो. बिळाचा प्रसंग क्वचित येतो. डिव्हट मात्र प्रत्येक फेअरवेवर असतात. सूट दिली, तर स्वतःच्या फायद्याचा निवाडा स्वतःच करण्याची वेळ पावलोपावली येईल. प्रामाणिक माणूस संशयाचा तोटा स्वतःकडे घेईल, दुसरा घेणार नाही. मग एकाच मैदानावर दोघे दोन वेगळे खेळ खेळतील.

म्हणूनच आजचा नियम बरा वाटतो. तो प्रत्येक वेळी न्याय्य आहे असे नाही, पण कोणालाही एकट्याने तंतोतंत पाळता येतो. शिवाय त्याला झडपाही आहेत. चेंडू सतत येऊन थांबतात तो डिव्हटांनी चाळण झालेला पट्टा समिती पांढऱ्या रेषेने आखून दुरुस्तीखाली जाहीर करू शकते. पावसाळ्यात स्थानिक नियम लावून आखूड कापलेल्या गवतावरचा चेंडू उचलून, पुसून जवळच ठेवायची परवानगी देऊ शकते. खेळाडूला स्वतःला चेंडू मारण्याजोगा वाटला नाही, तर एका फटक्याच्या दंडाने तो बाहेर काढायचा मार्ग पेनल्टी एरिया सोडून सगळीकडे आहे.

बहुतेकदा या दंडाच्या मार्गाची गरज पडत नाही. चेंडू मागच्या पायाकडे थोडा सरकेल असे उभे राहा, वजन पुढच्या पायावर ठेवा, हात चेंडूच्या पुढे असू द्या आणि वरून खाली येत आधी चेंडूलाच मारा. चेंडू कमी उंचीवरून जाईल आणि जास्त पळेल, तेवढा अंदाज धरा.

राहिला तो खड्डा. पहिलाच नियम डिव्हट बुजवण्याची अपेक्षा खेळाडूकडून ठेवतो, पण समितीने वेगळी आचारसंहिता केली नसेल, तर न बुजवल्याबद्दल सहसा दंड नसतो. पाडणारा मोकळा सुटतो आणि मागून येणारा किंमत मोजतो. वादात बदलण्याजोगे काही असेल, तर ते इथे आहे : सूट देणारा नवा नियम मागण्याआधी क्लबांनी वाळू भरण्याची आचारसंहिता करावी आणि मोडणाऱ्याला दंड लावावा.