वाजतंय म्हणजे झिजलंय?

‘डॉक्टर, जबडा कट्कट् वाजतो. सांधा झिजलाय ना?’ विचारण्याचा सूर प्रश्नाचा असला तरी निकाल आधीच लागलेला असतो. कुणी मावशीच्या गुडघ्यावरून ताडलेलं असतं, कुणी मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणून महिनाभर खाल्लेल्या असतात. माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. ‘दुखतं का?’ मी विचारतो. ‘नाही हो, दुखत नाही, पण वाजतं.’ ‘तोंड पूर्ण उघडतं? घास चावता येतो?’ ‘हो.’ ‘मग काही करायला नको,’ म्हटलं की चेहरा पडतो. फी भरून ‘काही नाही’ ऐकायला कुणाला आवडेल? काही जण तडक दुसरीकडे जातात, तिथे एमआरआय निघतो, आणि मग खरी पंचाईत सुरू होते.

आवाज येतो कुठून ते आधी बघू. दोन्ही कानांच्या छिद्रांपुढे एकेक बोट टेकवा आणि सावकाश आ करा. सुरुवातीला बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरतं. तोंड निम्म्याच्या पुढे उघडलं की तोच गोल भाग पुढे सरकतो आणि बोटाखाली खळगा पडतो. आधी फिरणं आणि मग सरकणं, अशी या सांध्याची दुहेरी चाल आहे. शिवाय खालचा जबडा हे एकच हाड, त्यामुळे डावा सांधा हलला की उजव्याला हलावंच लागतं. हाडाचा गोल माथा आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. डोक्यावर हंडा नीट बसावा म्हणून बायका चुंबळ ठेवतात, तशी ती माथ्यावर बसते. कडा जाड, मध्ये पातळ.

काहींची ही चुंबळ थोडी पुढे घसरलेली असते. तोंड उघडताना हाडाचा माथा तिच्या मागच्या जाड कडेवरून टुणकन उडी मारून तिच्याखाली येतो. टुक्! तोंड मिटताना तो पुन्हा मागे निसटतो, तेव्हा दुसरा, जरा बारीक टुक्. बहुतेकांच्या जबड्याचा आवाज एवढाच असतो. त्यात हाडावर हाड घासत नाही. कान अगदी शेजारीच असल्यामुळे ज्याचा त्याला तो मोठा वाटतो, इतकंच.

आणि अशी चकती सरकलेले लोक थोडेथोडके नाहीत. जबड्याची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय 1990 च्या दशकात अमेरिकेत काढून पाहिले गेले. त्यांतल्या साधारण दर तिघांमागे एकाची चकती जागेवर नव्हती. म्हणजे रिपोर्टात ‘अँटिरिअर डिस्क डिस्प्लेसमेंट विथ रिडक्शन’ असं भारदस्त वाक्य छापून आलं, तरी ते चाळीतल्या निम्म्या-शिम्म्या बिऱ्हाडांत कुणा ना कुणाबद्दल खरं निघेल. त्यांना ते ठाऊक नाही म्हणून ते सुखाने चिक्की खात आहेत!

खरी झीज असतेच, नाही असं नाही. तिचा आवाज वेगळा: एकच टुक् येत नाही, तोंड उघडताना आणि मिटताना सलग करकर ऐकू येते. पण तिथेही आवाजाची आणि दुखण्याची गाठ आपण समजतो तेवढी पक्की नसते. करकर चालू आणि दुखणं शून्य, असे म्हातारे-म्हाताऱ्या भरपूर आहेत. संधिवातासारख्या आजारात सांधा सुजतो तेव्हा गोष्ट निराळी, आणि ती सहसा हातापायांच्या सांध्यांतही दिसते.

गंमत म्हणजे, काळजी करायचीच तर ती कधी कधी आवाज बंद पडल्यावर करावी. चकती पुढे अडकून बसली आणि माथ्याला तिच्याखाली शिरताच येईना, की टुक् थांबतो, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं आणि उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते. पेशंट म्हणतो, ‘आवाज तर गेला, पण आता तोंडच उघडत नाही.’ हा घोटाळा मात्र दाखवण्यासारखा आहे. तरीही लगेच चाकू-सुरीची भाषा नको. जपानमधल्या डॉक्टरांनी अशा 40 रुग्णांवर कोणताही उपचार न करता त्यांना अडीच वर्षं पाहिलं. 1998 साली छापलेला निष्कर्ष असा: दहातल्या चौघांची तक्रार पूर्ण गेली, तिघांना बराच आराम पडला, आणि साधारण चौथा हिस्सा रुग्णांना फरक पडला नाही. चकती जागेवर येत नाही, पण तिच्या मागचं मऊ ऊतक हळूहळू घट्ट होऊन तिचं काम करू लागतं. आणि उरलेल्या चौथ्या हिश्शाचं काय? 2007 मध्ये मिनेसोटाच्या संशोधकांनी असा जबडा अडकलेल्या 106 जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटणी केली: औषधं आणि सल्ला, व्यायामासह पुनर्वसन, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, उघडी शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी चारही गट सारखेच. मग सुरुवात कशाने करायची हे सांगायला दंतवैद्यच हवा असं नाही.

इतकं सगळं छापून येऊनही ‘चकती सरकलीये, ती जागेवर बसवायलाच हवी’ हा हट्ट सुटत नाही, तेव्हा माझा तोल जातो. कारण या हट्टाची किंमत एकदा मोजून झाली आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत हजारो रुग्णांच्या, त्यांतही बहुतांशी बायकांच्या, चकत्या काढून तिथे प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे तुकडे बसवले गेले. ह्यूस्टनच्या विटेक कंपनीचा हा माल. चावण्याच्या दाबाखाली टेफ्लॉनचा भुगा झाला, त्या भुग्याविरुद्ध शरीराने दंड थोपटले आणि त्या लढाईत सांध्याचं हाडच खाल्लं गेलं. शेवटी तिथल्या औषध प्रशासनाने, एफडीएने, हे तुकडे परत मागवले. तोवर कित्येकांच्या वाट्याला आधीच्या कट्कटीच्या दसपट दुखणं आणि एकामागून एक शस्त्रक्रिया आल्या होत्या.

दुसरा चिवट गैरसमज याच्याच घरातला: ‘दात नीट बसत नाहीत, चावा बिघडलाय, म्हणून जबडा दुखतो.’ याचा उगम सापडतो. सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टन नावाच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने 1934 साली अवघ्या 11 रुग्णांवरून मांडलं की दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो, मागे दाबला जातो आणि कान-डोकं दुखू लागतं. शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे ते खोडून काढलं. पण तोवर दंतवैद्यकाने ते उराशी धरलं होतं. चाव्याला दोष द्यायला सोपं जातं. दात डोळ्यांना दिसतात आणि घासता येतात. 2003 च्या कॉक्रेन आढाव्यात दात घासून चावा जुळवल्याने हे दुखणं बरं होतं किंवा टळतं, याला पुरावा सापडला नाही. घासलेलं दंतकवच पुन्हा उगवत नसतं. तेव्हा जबडा दुखतोय म्हणून कुणी सहा चांगल्या दातांवर कॅप बसवायला किंवा पस्तिशीत तारा लावायला सांगितलं, तर दुसरं मत जरूर घ्या. तारा दातांसाठी लावायच्या असतील तर खुशाल लावा. जबड्याच्या दुखण्याचं नाव त्यांना देऊ नका.

मग दुखतं काय? बहुतेकदा स्नायू. दात एकमेकांवर दाबून कानशिलावर हात ठेवा, जो गोळा टरारून वर येतो तो एक, आणि गालाच्या मागच्या भागातला दुसरा. दिवसभरात खाताना-गिळताना दात एकमेकांना टेकतात ते सगळं मिळून जेमतेम वीसेक मिनिटं. पण स्कूटर चालवताना, मोबाइलकडे बघताना, मुलांचा अभ्यास घेताना कित्येक जण तासन्‌तास दात आवळून बसतात आणि त्यांना ते कळतही नाही. अमेरिकेत ‘ऑपेरा’ नावाच्या अभ्यासात तीन हजारांवर निरोगी माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पुढे कुणाचा जबडा दुखू लागेल याचा अंदाज ज्या गोष्टींवरून येत होता, त्यांत बिघडलेली झोप, शरीरात इतरत्र असलेली दुखणी आणि बारीकसारीक शारीरिक तक्रारी ठळक होत्या. लोक म्हणतात, ‘म्हणजे मनाचे खेळ?’ तसं अजिबात नाही. दुखणं खरंच असतं, स्नायू खरेच हळवे झालेले असतात. फक्त त्याचं मूळ दाढांच्या खाचाखोचांत नसतं.

उपचारही त्याला साजेसे, आणि म्हणूनच पेशंटला फिके वाटणारे. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक टाळूला: ही जबड्याची विश्रांतीची बैठक दिवसातून अनेकदा आठवायची. गरम शेक. दोन-तीन आठवडे ऊस, चिक्की, कडक भाकरी बाजूला. जीभ टाळूवरून न सोडता तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम, आणि जमल्यास फिजिओथेरपिस्टचा हात. ‘बीएमजे’ने 2023 च्या अखेरीस जुनाट जबडेदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं छापली, त्यांत ठाम शिफारस अशाच गोष्टींची आहे: व्यायाम, हाताने केलेले उपचार, वेदनेशी वागायला शिकवणारं समुपदेशन. चाव्यात कायमचा बदल घडवणाऱ्या पट्ट्या आणि चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांना तितकाच ठाम नकार. बोटॉक्स आणि कूर्चा वाढवण्याच्या गोळ्याही सहसा नकोत, असं तिथे म्हटलं आहे. झीज भरून काढायला त्या गोळ्या गिळणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

किरकोळ गैरसमज एका दमात उरकतो. मूल झोपेत दात खातं म्हणजे पोटात जंत, हे आजी कितीही ठासून सांगो, त्याला आधार नाही. बहुतेक मुलांची सवय आपोआप सुटते. नाइट गार्ड दात खाणं थांबवत नाही, दातांची झीज वाचवतो. कान दुखतो, पण कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडत नाही, तर लसणाचं तेल ओतू नका, जबडा तपासा. अक्कलदाढ काढली की सांध्याचं दुखणं जाईल, या आशेवर ती काढू नये. ‘जॉलाइन’साठी तासभर रबरासारखं च्युइंगम चघळणाऱ्या पोरांना स्नायूदुखी फुकट मिळते.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त महागात पडते: सांध्याचं नसलेलं दुखणं सांध्याच्या नावावर खपवणं. तुमची स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांत मावत नसतील, गालाची आतली बाजू पांढुरकी-कडक झाली असेल आणि साधी आमटीसुद्धा झोंबत असेल, तर सुपारी-गुटख्याचा हिशेब आधी द्या. तिथे गालाचं कातडं आतून आखडत चाललेलं असतं, त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि माझ्या खुर्चीत तो खाणारे आजही बसतात. ‘तंबाखू नाही, साधी सुपारीच’ हा बचावही चालत नाही. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येणं, कानशील दुखणं आणि नजर अंधूक होणं हे एकत्र आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तवाहिनीच्या सुजेने डोळा कायमचा जाऊ शकतो. चालताना-चढताना जबड्यात कळ येऊन थांबल्यावर जात असेल, तर हृदय तपासायला हवं.

आणि एक ठिकाण असं, जिथे शस्त्रक्रियाच लागते. लहान मूल हनुवटीवर पडतं, टाके घालून घरी येतं, आणि पुढच्या काही महिन्यांत त्याचं तोंड उघडणं कमी कमी होत जातं. मोडलेला सांधा कवटीला हाडाने चिकटत चाललेला असतो. तो मोकळा केला नाही तर खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते, खाणं आणि झोपेतला श्वास दोन्ही अवघड होतं. हनुवटीला मार लागलेल्या मुलाचा सांध्यांचा एक्स-रे त्याच आठवड्यात काढावा आणि पुढचं वर्षभर त्याचं तोंड किती उघडतं हे दर महिन्याला पट्टीने मोजून लिहून ठेवावं.