धूसर फोटोचा पंचनामा

जानेवारी ते मार्चच्या दरम्यान उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावर, पहाटेपासून होड्या सुटतात. होडीत बसलेल्या बहुतेकांच्या गळ्यात लांब नळीचे कॅमेरे असतात. फ्लेमिंगोंचा थवा उठतो, सगळीकडून शटरची फैर झडते, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतात आणि घरी संगणकावर मोठे करून पाहिले की चेहरे पडतात. पिसांचं पीस दिसत नाही, डोळ्याचा ठिपका पसरलेला. मग पहिला संशय लेन्सवर येतो. ‘किटबरोबर आलेली लेन्स, दुसरं काय होणार’ असं म्हणत लाखभर रुपयांच्या नव्या लेन्सची चौकशी सुरू होते. लेन्सवर संशय घ्यायलाच नको असं नाही, पण तिचा नंबर सगळ्यात शेवटी यायला हवा. धूसरपणालाही आकार असतो. तो नीट पाहिला, तर दोष कुठला हे बहुतेक वेळा त्याच फोटोत लिहिलेलं सापडतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. 24 मेगापिक्सेलचा फोटो सुमारे 6000 पिक्सेल रुंद असतो. तो साध्या मॉनिटरवर शंभर टक्के मोठा करणं म्हणजे पाच फूट रुंद छापील चित्र हातभर अंतरावरून न्याहाळणं. त्या कसोटीला भले भले फोटो उतरत नाहीत. बारा इंच रुंद चांगल्या प्रिंटला 3600 पिक्सेल पुरतात. तेव्हा फोटो ज्या आकारात पाहिला जाणार आहे त्या आकारात तो धूसर दिसतो का, हे आधी ठरवावं. तिथेही दिसत असेल, तर पुढची तपासणी.

या तपासणीला भिंग नको, थोडी सवय पुरते. पक्ष्याच्या डोळ्यातला चमकता बिंदू रेघ होऊन ताणला असेल आणि मागचं गवत, पाण्यावरच्या चमचमत्या लाटाही त्याच दिशेने ताणल्या असतील, तर कॅमेरा हलला. मागचं सगळं स्वच्छ आणि पक्षी तेवढा ताणलेला असेल, तर पक्ष्याच्या वेगापुढे शटर अपुरं पडलं. अंग स्वच्छ आणि पंखांची टोकं तेवढी पुसट असतील, तर तेही शटरचंच, पण गुन्हा किरकोळ. काहीच ताणलेलं नाही, डोळ्याचा बिंदू सगळीकडून सारखा फुगलाय आणि पुढचं किंवा मागचं भलतंच गवत काटेकोर स्पष्ट आहे, असं असेल तर फोकस चुकला. कुठेच काही स्पष्ट नाही, कडा थरथरल्यासारख्या वळलेल्या आहेत, तर हवेकडे बोट दाखवा. या पाचांपैकी एकाही दुखण्यावर महाग लेन्स हे औषध नाही.

वेगाचा हिशेब एकदा आकड्यांत मांडला की डोळे उघडतात. फ्लेमिंगो ताशी 54 किलोमीटरने उडतोय असं धरू, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. तो 40 मीटरवरून आडवा जातोय आणि लेन्स 400 मिलिमीटरची आहे. सेन्सरवर त्याची प्रतिमा प्रत्यक्षाच्या शंभराव्या भागाएवढी पडते, म्हणजे ती प्रतिमा सेन्सरवरून सेकंदाला 150 मिलिमीटर धावते. शटर 1/500 सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ती 0.3 मिलिमीटर सरकते. हे अंतर नगण्य वाटेल, पण एपीएस-सी या लहान सेन्सरवरचा एक पिक्सेल जेमतेम 0.004 मिलिमीटरचा असतो. म्हणजे प्रतिमा 75 पिक्सेल पुसली गेली! पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत नेला आणि नव्वद टक्के वेग जुळला, तरी सात-आठ पिक्सेल उरतातच. 1/2000 वर हाच उरलेला भाग दोनेक पिक्सेलवर येतो आणि डोळ्याला खुपत नाही. पंखाची गोष्ट वेगळी. तो अंगाच्या वेगाशिवाय स्वतःच्या वेगाने वरखाली होतो, कॅमेरा फिरवून त्याच्याशी जुळवून घेता येत नाही, तिथे फक्त शटरच कामाला येतं.

‘लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितक्या अंशाचा शटर स्पीड’ हा जुना नियम इथेच दगा देतो. 400 ची लेन्स असेल तर 1/400, लहान सेन्सरवर 1/600. हा नियम हाताच्या थरथरीसाठी आहे, समोरच्याच्या वेगाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनचंही तसंच. ते हात सावरतं, पक्षी थांबवत नाही. चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे म्हणून निश्चिंतपणे 1/125 वर उडता पक्षी टिपायला गेलात, तर मागची झाडं सुरेख येतील.

फोकसच्या चुका बऱ्याचदा एका सेटिंगमुळे होतात. नवा कॅमेरा हाती आला की अनेक जण सिंगल फोकसवरच राहतात. अर्धं बटण दाबलं की फोकस कुलूपबंद. पुढे बटण पूर्ण दाबायला अर्धा सेकंद गेला, तर समोरून सेकंदाला 10 मीटर वेगाने येणारा नदी सुरय पक्षी तेवढ्यात 5 मीटर पुढे आलेला असतो. 20 मीटर अंतरावर, 400 मिलिमीटर आणि एफ 5.6 ला, स्पष्ट दिसणारा पट्टा फार तर अर्ध्या मीटरचा असतो. पक्षी त्या पट्ट्यातून कधीच निघून गेला. कॅननमध्ये सर्व्हो, निकॉन-सोनीमध्ये एएफ-सी नावाने असलेला सतत फोकस लावला की कॅमेरा पक्ष्याचा माग काढत राहतो. तोही निर्दोष नसतो. बैलगाडा शर्यतीत घाटाखाली उभं राहून फोटो काढणाऱ्यांना ठाऊक असेल, बैलांच्या पुढे उडणाऱ्या धुळीलाच कॅमेरा भुलतो. अशा वेळी फोकसचा भाग लहान करून बैलाच्या शिंगांवर किंवा डोळ्यांवर धरावा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्षी-प्राणी ओळखणारी सोय असते, पण वेसणीच्या फुंद्यांनी आणि झुलींनी सजलेला बैल तिलाही कोड्यात टाकू शकतो.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की शटर वाढवलं तर आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. खरं आहे. पण हिशेब करून पाहावा. कडक उन्हात आयएसओ 100 ला एफ 16 आणि 1/100 हे जुनं गणित धरलं, तर एफ 5.6 ला 1/800 मिळतो. म्हणजे 1/3200 साठी आयएसओ 400 पुरे, आणि आजच्या कुठल्याही कॅमेऱ्यात 400 ला भिण्याचं कारण नाही. सकाळी उजेड तीन-चार स्टॉपने कमी असेल तर आकडा 3200 किंवा 6400 वर जातो, तिथे दाणे दिसतात. तरी मी दाण्यांच्याच बाजूने मत देईन. दाण्यांखाली पिसांच्या कडा शाबूत असतात आणि सॉफ्टवेअर दाणे बऱ्यापैकी निवडून काढतं. पुसलेल्या कडेवर मात्र मूळ माहितीच चिरडलेली असते. 1878 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने 12 कॅमेरे ओळीने लावून धावत्या घोड्याची चारही पावलं हवेत असताना टिपली, तेव्हाही त्याची सगळी धडपड उघडझाप झटपट करणाऱ्या शटरसाठी आणि पुरेशा उजेडासाठी होती. उजेड वाढावा म्हणून त्याने घोड्यामागे पांढरी पार्श्वभूमी उभारली. फोटो उमटवायच्या त्याच्या रासायनिक काचा आजच्या सेन्सरच्या मानाने फारच मंद होत्या, आपल्याला निदान तेवढी अडचण नाही.

‘मग उजेडासाठी दुपारीच जाऊ’ हा विचार इथून सुचतो आणि हवा तिथेच दबा धरून बसलेली असते. ऊन चढलं की चिखलाचे पट्टे, कातळ, पाण्याच्या कडेची उघडी जमीन तापते. वरच्या गार हवेत गरम हवेचे लोट मिसळतात आणि दोन्हींची घनता वेगळी असल्याने प्रकाशकिरण क्षणोक्षणी वेगळ्या दिशेने वळतात. 100 मीटरवरच्या फ्लेमिंगोचे पाय वळवळताना दिसतात ते यामुळेच. शटर 1/4000 केलं तरी फरक पडत नाही, कारण ही वळवळ गोठते, पण वाकलेल्या अवस्थेतच गोठते. पाच फोटोंत एखादा चुकून बरा येतो, त्यावरून लोक पुन्हा कॅमेऱ्याच्या फोकसलाच शिव्या घालतात. हिवाळी सकाळी गाडीतला हीटर चालू ठेवून खिडकीतून फोटो काढलात, तर हीच थरथर आपण स्वतः खिडकीत तयार करतो. ठाणे खाडीवर उलटा प्रकार होतो. 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्यात वातानुकूलित गाडीतून उतरून दमट हवेत कॅमेरा काढला की थंड काचेवर बाष्प बसतं आणि सगळेच फोटो दुधाळ येतात. काच पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा पिशवीतच राहू देऊन बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा.

उजेड आणि हवा यांची ही रस्सीखेच सेटिंगने सुटत नाही, वेळेने आणि अंतराने सुटते. सूर्योदयानंतरचे पहिले दीड-दोन तास दोन्हींचा मेळ बऱ्यापैकी बसतो. अंतर कमी झालं की मधली हवा कमी होते आणि क्रॉपही कमी करावा लागतो. 600 ची लेन्स लांबून वापरणाऱ्यापेक्षा पाण्याच्या पातळीला होडीत शांत बसून पक्षी आपणहून जवळ येण्याची वाट पाहणारा 300 मध्ये सरस फोटो काढू शकतो. होडी पक्ष्यांच्या अंगावर घालून ते उठवणं मात्र साफ चूक आहे, पक्ष्यांसाठीही आणि फोटोसाठीही. घाबरून उठलेला थवा पाठमोरा जातो, शेपटाकडून.

आता सॉफ्टवेअर सगळं दुरुस्त करतं, असं म्हणणारेही भेटतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे शार्पनिंगचे प्रोग्रॅम थोडासा हललेला फोटो खरोखर सावरतात. पण मोठ्या चुकीत ते पीस शोधून काढत नाहीत, पीस कसं असावं याचा अंदाज रंगवतात. समाजमाध्यमावर ते खपून जाईल. पक्ष्याची जात ओळखण्यासाठी काढलेल्या फोटोत, जिथे पंखावरची एक रेघ निर्णायक ठरते, असा अंदाज धोकादायक आहे.

आणि लेन्स? तिचीही तपासणी करावी, पण बाकीचे सगळे सुटल्यावर. स्वस्त यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर आधी तो काढा, लांब लेन्सवर तो पुष्कळ वेळा गुन्हेगार ठरतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, सावलीतल्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सरळ चिकटवा, टायमर लावून काही फोटो घ्या, मग तेच फोटो लाइव्ह व्ह्यूमधून फोकस करून पुन्हा घ्या. जुन्या डीएसएलआरमध्ये साध्या फोकसचे फोटो सगळे सारखेच पुढे किंवा मागे गेलेले आणि लाइव्ह व्ह्यूचे स्वच्छ आले, तर आरसा आणि फोकसच्या सेन्सरचा मेळ बिघडलाय. मधल्या-वरच्या श्रेणीच्या बॉडीत तो मेन्यूतूनच सुधारता येतो. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे हा विकार जवळपास नसतोच. दोन्ही पद्धतींत पानाची एकच बाजू दर वेळी धूसर येत असेल आणि पान सरळ लावल्याची खात्री असेल, तर लेन्समधली एखादी काच जागेवरून सरकली आहे. मग ते वर्तमानपत्राचे फोटो बरोबर घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावं, उडत्या फ्लेमिंगोचे घेऊन गेलात तर काउंटरवरचा माणूस तुमच्या हाताकडे पाहील.