मींड नसलेल्या पट्ट्या

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडला ज्यांचे नाव आहे, ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. तेव्हा इलाख्यात मराठी संगीत नाटक भरात होते आणि नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडाबरोबर पेटीही, म्हणजे हार्मोनियमही, गावोगाव पोचत होती. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने १८४२ मध्ये पेटंट घेतलेले हे वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून वाजवण्याजोगे केले. १९११ साली ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. हुबळीजवळच्या कुंदगोळचे सवाई गंधर्व याच रंगभूमीवर गाजले.

पण पेटीवर आक्षेपही तेव्हापासूनच होते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात नाही, आणि स्वर बारा ठिकाणी पक्के बसवलेले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवर १९१० मध्ये ग्रंथ लिहिला. त्यातूनच पुढे श्रुती-हार्मोनियमचे प्रयोग झाले. १९४० मध्ये आकाशवाणीने तर पेटीवर बंदीच घातली. १९५० मध्ये धारवाडला केंद्र सुरू झाले, तेव्हाही ती लागू होती. ज्या मुलखात घरोघरी पेटीवर सा लावून मुले गायला बसत, तिथल्याच रेडिओवर पेटीला जागा नव्हती. १९७१ नंतर ही बंदी हळूहळू सैल झाली.

अशीच अडचण युरोपात दोनशे वर्षे आधी बरोक काळातल्या वादकांपुढे होती. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आत तार छेडली जाते. बोट हलके पडो वा जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. फ्रान्स्वा कुपरँने १७१३ च्या आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत ही उणीव सरळ मांडली आणि या वाद्यातून भाव कसा काढावा, हाच त्याच्या लेखनाचा विषय झाला. १७१६ च्या पुस्तकात त्याने दोन उपाय सांगितले: स्वर थोडा आधी सोडून द्यावा, किंवा थोडा उशिरा लावावा. म्हणजे जोर वाढवता येत नसेल, तर वेळेशी खेळावे. बाखने १७२२ मध्ये चोवीसही स्वरपट्ट्यांसाठी प्रत्येकी एक प्रेल्यूड आणि एक फ्यूग लिहिला. त्यांतले स्वर एकमेकांची वाट पाहतात, मागे राहतात, मग येऊन मिळतात. आणि त्या थांबण्यात ऐकणाऱ्याचा जीव अडकतो. हार्पसिकॉर्ड मागे पडून पियानो आला, तरी ही बंदिश तितकीच हलवते, कारण तिचा भाव स्वरांच्या नात्यांत आहे.

पेटीवाल्यांनी नेमके हेच आपल्या वाटेने साधले. बेळगावचे रामभाऊ विजापुरे, मल्लिकार्जुन मन्सूरांना साथ करणारे वसंत कनकापूर यांची साथ ऐकली की समजते. गायकाची मींड सुरू असताना पेटी तिच्यामागे धावत नाही. ती आधीचा स्वर धरून ठेवते, गळा जिथे पोचायचा तिथे हलक्या हाताने आधीच उभी राहते किंवा क्षणभर उशिरा येते. कणस्वराने, खटक्याने मधली जागा सुचवते. भात्यावरचा डावा हात आवाजाला उतार-चढाव देतो, ही हार्पसिकॉर्डला न मिळालेली सोय. गंगूबाई हनगलांचा किराणा घराण्याचा संथ, भारदस्त विलंबित याच हुबळीत घडला. असा गळा सांभाळायला बोटांपेक्षा कान तयार लागतो.

मागे वळून पाहताना मला वाटते, वाद्याच्या उणिवेने कलेचे नुकसान केले नाही. तिने वादकाला ऐकायला भाग पाडले. बंदीच्या काळातल्या वादात पेटीत काय नाही, एवढेच मोजले गेले. तिच्यापुढे बसलेला माणूस काय करू शकतो, हे मोजायचे राहून गेले. म्हणून आज पेटी शिकवताना अलंकारांच्या वेगाइतकाच थांबण्याचा रियाज हवा. साथ शिकणाऱ्याला बाखही ऐकवावा आणि मन्सूरांच्या मैफिलीचे जुने ध्वनिमुद्रणही. दोन्हींत तो एकच गोष्ट शिकेल: पक्क्या स्वरातून भाव निघतो, तो स्वर कधी लावायचा आणि कधी सोडायचा हे कळल्यावर.